ओहोटीची पेनी

कुंपणावरून ग्लेनिसबाईंनी बिस्किटांचा डबा पुढे केला तेव्हा दीनानाथ सरांना वाटलं, आत बिस्किटंच असणार. म्हणून त्यांनी तो एका हाताने धरला, आणि डबा हातातून सुटून थेट लॅव्हेंडरच्या वाफ्यात गेला. झाकण उडालं. मातीत काळपट, चिकट, जुन्या आठ आण्यांपेक्षाही मोठाली नाणी पसरली.

"अहो, शुगर आहे तुम्हाला!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून शोभाताईंचा आवाज आला. "कुणी काही पुढे केलं की लगेच हात पसरायचा!"

"बिस्किटं नाहीत गं, पैसे आहेत!"

"मग दोन्ही हातांनी घ्यायचे ना!"

ग्लेनिसबाई म्हणजे शेजारच्या घरातल्या ऐंशीच्या आसपासच्या आजी. त्यांचे यजमान रॉन दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची शेड आवरताना हा डबा निघाला होता. आत जुन्या ब्रिटिश पेन्या होत्या. ऑस्ट्रेलियाची स्वतःची नाणी यायच्या आधी इथे तीच चालायची. बाईंनी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की तुम्ही टीचर आहात, मुलांना द्या. त्यात काही बरं निघालं तर ज्याला सापडेल त्याचं. दीनानाथ सरांचं इंग्रजी उत्तम होतं, पण बाई त्यांच्याशी अशाच बोलत आणि सरही त्यांच्याशी तसेच बोलत. त्यामुळे कुंपणावरच्या साध्या गप्पांनाही तहाची बोलणी चालल्यासारखं गांभीर्य येई.

सर चिंचवडच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. सध्या ते आणि शोभाताई ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये मुलाकडे, नचिकेतकडे, राहायला आले होते. दर रविवारी सकाळी नचिकेतची गाडी रस्त्यावर आणि सरांचा मराठीचा वर्ग गॅरेजमध्ये, अशी अदलाबदल होई. वर्गाला समोरच्या सलिलचा सात वर्षांचा शार्दूल येई, त्याच वेळी आईवडिलांचं बॅडमिंटन असतं म्हणून एक जुळी भावंडं येत आणि घरातच राहते म्हणून पळून जाता न येणारी नात अनुष्का असे.

या अनुष्कापायीच सर थोडे खंतावलेले असत. पोरगी दहा वर्षांची, हुशार, डोळे टपोरे. पण आजोबांशी बोलायला तिच्याकडे मोजून तीन शब्द होते: ओके, फाइन आणि व्हॉटेव्हर. ज्या माणसाने पाचवीच्या भरलेल्या वर्गाला मोसमी वाऱ्यांच्या गोष्टीत जेवणाची सुट्टी विसरायला लावली, त्याला घरच्या एका मुलीकडून चौथा शब्द काढता येऊ नये! जूनमध्ये परतीचं विमान होतं. त्याआधी हिच्या-माझ्यात आमचं दोघांचं म्हणावं असं काहीतरी जमलं पाहिजे, एवढीच सरांची इच्छा होती. ती त्यांनी शोभाताईंना बोलून दाखवली नव्हती, म्हणजे शोभाताईंना ती केव्हाच कळली होती.

पुढच्या रविवारी सरांनी गॅरेजमध्ये जुनी चादर पसरली आणि डबा ओतला.

"हात मागे!" ते म्हणाले.

चारही मुलांनी हात पाठीमागे बांधले. ही सरांची जुनी युक्ती. पृथ्वीगोल असो, नाहीतर सुरवंट, नाजूक वस्तू टेबलावर आली की आधी हात मागे आणि डोळे पुढे. डोळ्यांनी पोटभर पाहून झालं की मग हात. चिंचवडमधली पोरं या आज्ञेला इतकी सरावली होती की पुढे त्यातले काही बँकेत मॅनेजर झाले तरी सर समोर आले की हात मागे नेत.

डोळे भरले, मग हात सुटले. एका बाजूला राजा किंवा राणी. दुसऱ्या बाजूला हातात त्रिशूळ आणि ढाल घेऊन समुद्रकिनारी बसलेली ब्रिटानिया.

"हा कोण?" शार्दूलने एका दाढीवाल्या राजावर बोट ठेवलं. "ही हॅज नो हेअर."

"सातवा एडवर्ड. माझ्या आजोबांच्या लहानपणी आपल्याकडच्या पैशावरसुद्धा हाच असायचा."

"टकल्या राजा," जुळ्यांतला एक म्हणाला, आणि मग सगळ्यांनी एकदम सरांच्या डोक्याकडे पाहिलं. सरांनी अभ्यास पुढे चालू केला.

बुधवारी दुपारी शाळेतून आल्यावर अनुष्का आयपॅड आणि भिंग घेऊन आपल्या खोलीत बसली होती. सर बाहेर पेपर वाचत होते. एवढ्यात आतून हाक आली, "आजोबा, इकडे ये ना!"

चार शब्द. चारही मराठी. सर असे उठले की पेपर पंख्याखाली घरभर फिरला.

तिच्या तळहातावर १९०२ सालची पेनी होती. "लुक ॲट द सी," ती म्हणाली. त्या एका वर्षी टाकसाळीत दोन प्रकारचे ठसे वापरले गेले. नेहमीच्या पेनीवर ब्रिटानियाच्या मागची समुद्राची रेषा तिचे पाय एकमेकांना ओलांडतात तिथवर वर आलेली असते. पण काही नाण्यांवर ती त्याहून खाली आहे. संग्राहक या नाण्याला 'लो टाइड' म्हणतात आणि त्याच्यामागे धावतात. अनुष्काच्या पेनीवर समुद्र खाली होता.

"ओहोटी!" सर ओरडले. "अगं, नाण्यावर ओहोटी आली आहे!"

ज्याने जन्मभर भरती-ओहोटी शिकवली, त्याच्या नातीला नाण्यावर ओहोटी सापडावी! सरांनी लगेच परातीत पाणी भरलं, मध्ये ब्रिटानिया म्हणून वरणाचा डाव उभा केला आणि पाणी कमी-जास्त करून दाखवलं. खरं तर अनुष्काला ते आधीच कळलं होतं. पण ती थांबली आणि डाव धरून उभी राहिली. शोभाताई वरण वाढायला आल्या तेव्हा ब्रिटानियाला समुद्रातून काढून आणावं लागलं.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग नचिकेतने सलिलला सांगितलं. सलिल आयटीतला, त्याच्या पोटात फक्त पासवर्ड राहतात. त्याने मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं: 'दीनानाथकाकांना दुर्मिळ नाणं सापडलं.' संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतले नरेंद्र चपला न काढता आत आले.

"काका, एकोणीसशे तीस ना?"

"एकोणीसशे दोन."

नरेंद्रांचा चेहरा पडला. "मग कसलं दुर्मिळ? पेनी म्हणजे एकोणीसशे तीस. इथल्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे."

१९३० ची ऑस्ट्रेलियन पेनी फार थोडी निघाली, म्हणून या देशात प्रत्येकाला तेवढं एकच नाणं माहीत. आमची ब्रिटिश आहे, ओहोटीची आहे, हे सरांनी नरेंद्रांना परातीसकट समजावलं. नरेंद्रांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, "तरी तीसची आहे का बघा एकदा."

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. कुणी म्हणालं नाणं तांदळात ठेवा, दमट हवा लागत नाही. कुणी म्हणालं विमा उतरवा. कुणी म्हणालं टॅक्सवाल्यांना आधीच कळवून टाका, नंतर लचांड नको. सलिल म्हणाला, "काका, मी थ्रीडी स्कॅन करून देतो," आणि तो स्कॅन करून घेऊन आला तेव्हा त्यात ब्रिटानिया बेडकासारखी दिसत होती. गरम पाण्याची टाकी दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरनेही पाना बाजूला ठेवून विचारलं, "नाइन्टीन-थर्टी, मेट?" सरांनी मान हलवली. प्लंबरने सहानुभूतीने सरांच्या खांद्यावर थाप मारली आणि बिल मात्र पूर्ण लावलं.

या गाजावाजामुळे पुढच्या रविवारी गॅरेजमध्ये इतकी मुलं आली की नचिकेतला गाडीबरोबर वॉशिंग मशीनही बाहेर काढावं लागेल असं वाटलं. सून मयूरा हॉस्पिटलातल्या नाइट शिफ्टवरून घरी येऊन झोपायची. तिने दारातून डोकं काढून मवाळपणे विचारलं, "बाबा, लायब्ररीत खोली मिळते म्हणे?"

लायब्ररीतल्या बाईंनी मुलांना शिकवणार म्हटल्यावर हसून स्वागत केलं आणि ब्लू कार्ड मागितलं. क्वीन्सलंडमध्ये दुसऱ्यांच्या मुलांबरोबर काम करायचं तर पोलिसांकडून तपासणी झाल्याचं ते कार्ड लागतं.

"मी पस्तीस वर्षं मुलांबरोबर काम केलं आहे," सर छाती काढून म्हणाले.

"लव्हली!" बाई म्हणाल्या. "आणि ब्लू कार्ड?"

कार्डाला अर्ज, अर्जाला ओळखपत्रं, ओळखपत्रांना इथला कायमचा पत्ता हवा होता. सरांचा कायमचा पत्ता चिंचवडचा. शिवाय खोलीसाठी धोक्यांचं मूल्यमापन लिहून द्यायचं होतं. त्यात प्रश्न होता: वर्गातली कुठली वस्तू मुलाच्या घशात अडकू शकते का? सरांनी ठणकावून सांगितलं, "मॅडम, माझ्या वर्गातली मुलं नाणी तोंडात घालत नाहीत." तेवढ्यात त्यांच्याबरोबर आलेल्या शार्दूलने गालातली पेनी जिभेने पुढे ढकलली आणि तळहातावर काढून ठेवली. "टेस्ट्स लाइक टॅप," तो म्हणाला.

तो वर्ग शेवटी तळ्याकाठी, पालकांच्या देखत, झाडाखाली भरला. तिथे लांब वाकड्या चोचीचा आयबिस पक्षी शोभाताईंच्या चिवड्याचा डबा घेऊन गेला. इथली पोरं ज्याला 'बिन चिकन', म्हणजे कचऱ्याच्या डब्यावरची कोंबडी, म्हणतात तोच हा निर्लज्ज पक्षी. मागे धावताना दोन पालक पाण्यात पाय घालून बसले. पण मुलांनी त्या दिवशी चार राजे आणि एक राणी ओळखायला शिकून घेतलं, त्यामुळे सर तो वर्ग यशस्वी धरतात.

आता खरी किंमत कोण सांगणार? संग्रहालयाला पाठवलेल्या ईमेलचं उत्तर आलं की आम्ही किंमत सांगत नाही. बँकेतला मुलगा म्हणाला, असलं नाणं मी जन्मात पाहिलं नाही, आणि हळूच विचारलं, तीसचं आहे का? शेवटी अनुष्कानेच शोधून काढलं की एप्रिलमध्ये इप्सविचला चर्चच्या हॉलमध्ये नाण्यांचा मेळावा आहे आणि तिथे एक जाणकार टेबल मांडून फुकट पारखून देतो. तिने कार्डावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'ओहोटी, १९०२, शोधली: अनुष्का'. मराठीत. शाळेत बाईंना सांगितलं. वर्गातल्या मुलांना सांगितलं. आणि आजोबांना बजावलं, "आजोबा, नेव्हर एव्हर क्लीन देम. नो केमिकल्स. प्रॉमिस?"

"छे छे! केमिकल कशाला लावीन?" सर म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

आता नीट लक्ष द्या, कारण घात इथे झाला.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी शोभाताईंनी देवाचं ताम्हन आणि पळी घासायला काढली. वाटीत चिंच भिजत होती, शेजारी मीठ. त्यांना फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. सर चहा घेत उभे होते. ओट्यावर, मेळाव्याला न्यायच्या पाकिटाशेजारी, ओहोटीची पेनी पडली होती, काळपट, मळकट, कानाकोपऱ्यात रॉनच्या शेडमधलं ग्रीस बसलेलं. सरांना तिची दया आली. मुलीला चार लोकांत न्यायचं तर आपण तोंड धुवून, वेणी घालून नेतो. हिला अशीच न्यायची? अनुष्काच्या नावाचं कार्ड आणि त्याच्याखाली हे असं पारोसं नाणं?

आणि चिंच म्हणजे काही केमिकल नव्हे. चिंच आमटीत घालतात. ज्या चिंचेने पिढ्यान्पिढ्या देवांची भांडी उजळली ती एका राजाच्या दाढीला काय करणार? असा पूर्ण शास्त्रशुद्ध विचार करून सरांनी बोटाने चिंचेचा कोळ लावला, मीठ घातलं, अंगठ्याने गोल गोल घासलं. पाणी ओतलं. आणि काय सांगावं! टकल्या राजा लखलखून उठला. उलटून पाहिलं तर ब्रिटानियाही नव्या नवरीसारखी. समुद्राची रेषा दुरूनसुद्धा दिसू लागली. सरांना स्वतःचंच कौतुक वाटलं. त्यांनी नाणं पाकिटात घालून बंद केलं. सरप्राइज!

हॉलमध्ये पारख करणारे गृहस्थ नेव्हिल नावाचे, पांढऱ्या मिशांचे, हातमोजे घातलेले. समोर काळी मखमल. नचिकेतने फोनचा कॅमेरा रोखला. अनुष्काने कार्ड मांडलं आणि पाकीट मखमलीवर उलटं केलं.

पेनी चमचमत बाहेर आली.

अनुष्काने आजोबांकडे वळून पाहिलं. नेव्हिल यांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. "इट इज अ लो टाइड," ते म्हणाले. "तुझे डोळे फार चांगले आहेत, यंग लेडी. माझ्या क्लबातल्या निम्म्या लोकांना हे दिसलं नसतं."

सरांची मान ताठ झाली. मग नेव्हिल यांनी भिंग खाली ठेवलं आणि एखाद्या पेशंटच्या नातेवाइकांना विचारावं तशा आवाजात विचारलं, "हिला कुणी घासलं?"

नचिकेतने कॅमेरा बंद केला.

"मी," सर म्हणाले. "केमिकल नाही. फक्त टॅमरिंड. आणि मीठ."

"मीठसुद्धा," नेव्हिल म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मग त्यांनी अतिशय शांतपणे, खऱ्या शिक्षकासारखं समजावलं, आणि त्यामुळे सरांना जास्तच लागलं. नाण्याची किंमत पाहताना आधी झीज पाहायची: राजाचे केस, दाढी, ब्रिटानियाचं शिरस्त्राण. मग पाहायचा रंग. तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. ते त्या नाण्याचं वय. शंभराहून जास्त वर्षं खिशांत, पेट्यांत, हातांत राहून तो चढतो आणि एकदा गेला की परत आणता येत नाही. "न धुता आणलं असतं तर एक चांगली सायकल आली असती," ते म्हणाले. "आता दोन कॉफ्या. एक मोठी, एक छोटी." मग सरांचा चेहरा पाहून त्यांनी धीर द्यायला म्हटलं, "हरकत नाही, मेट. टू-अपसाठी झकास पेनी झाली."

टू-अप म्हणजे काय ते सरांना माहीत नव्हतं. शिवी असावी असं वाटलं.

परतीच्या गाडीत सर म्हणाले, "अनु, चूक माझी आहे. तू सांगितलं होतंस."

"ओके," अनुष्का खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"आपण दुसरी शोधू. डब्यात अजून आहेत."

"फाइन."

पुढे काही बोलायची सरांची हिंमत झाली नाही. तिसरा शब्द कुठला येणार ते त्यांना माहीत होतं.

घरी शोभाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "चिंच मी ताम्हनासाठी भिजवली होती," त्या म्हणाल्या. "लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत एक पेला घासावासा वाटला नाही तुम्हाला, आणि आज नेमका हात शिवशिवला!" मग स्वर खाली आणून, "पोरगी रडली का?"

"नाही ना. रडली असती तर बरं झालं असतं."

नंतरचे काही दिवस सर झाडांना पाणी घालायचे ते घराच्या पलीकडच्या बाजूने. कुंपणाकडच्या लॅव्हेंडरला शोभाताई पाणी घालत. नाणं अनुष्काचं होतं, पण डबा रॉनचा. शेवटी शोभाताईंनीच नारळाच्या वड्यांची ताटली सरांच्या हातात दिली. "जा. सांगून या. नाहीतर ती बाई विचारेल आणि तुम्ही गॅरेजात लपाल."

सर गेले. अनुष्काही गेली, कारण वड्या तिने केल्या होत्या, म्हणजे खोबरं तिने मळलं होतं, आणि वड्यांचं श्रेय आजोबांकडे जाऊ द्यायला ती तयार नव्हती. ग्लेनिसबाईंच्या व्हरांड्यात सरांनी उभं राहूनच सगळं सांगितलं: ओहोटी, चिंच, सायकल, दोन कॉफ्या. आणि शेवटी खाली बघत म्हणाले, "ते म्हणाले, टू-अपसाठी झकास."

ग्लेनिसबाईंनी वडी खाली ठेवली. "काय म्हणाले?"

"टू-अप. मला अर्थ माहीत नाही. माफ करा."

बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खोकला आला, अनुष्काने पाणी आणून दिलं. मग त्या उठून शेडमध्ये गेल्या आणि एक लाकडी फळी घेऊन आल्या, आइसक्रीमच्या काडीची थोरली बहीण म्हणावी अशी. तिच्यावर एक पेनी. पेनीवरचा राजा आरशासारखा चकाकत होता, मागची बाजू काळीच, आणि त्यावर पांढऱ्या रंगाची फुली.

२५ एप्रिलच्या अँझॅक डेला, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, पहाटेच्या मानवंदनेनंतर इथे टू-अप खेळतात. फळीवर दोन पेन्या ठेवायच्या आणि हवेत उडवायच्या. दोन्ही राजे वर आले की उडवणारा, म्हणजे स्पिनर, जिंकला, दोन्ही ब्रिटानिया वर आल्या की हरला, एक-एक आला की पुन्हा उडवायच्या. म्हणून राजाची बाजू घासून चकचकीत करायची, म्हणजे उन्हात लांबूनही ओळखू येते. रॉन हे काम दर वर्षी मोठ्या थाटात करत. पण त्यांच्या जोडीतली एक पेनी एका वर्षी रस्त्याच्या गटारात गेली. उरलेली एकटीच शेडमध्ये पडून होती. एका पेनीने टू-अप खेळता येत नाही.

"दाखव ना तुझी," बाई अनुष्काला म्हणाल्या.

अनुष्काने खिशातून पेनी काढली. सरांना आश्चर्य वाटलं. म्हणजे ती खिशात ठेवत होती! बाईंनी ती उन्हात धरली, राजाकडे पाहून खूश झाल्या, उलटली आणि कपाळाला हात लावला. "डीनानाथ! दोन्ही बाजू? यू गूज! मागची बाजू काळी हवी असते!"

इथेही जास्तच काम केलं होतं. सरांनी मान खाली घातली. तेवढ्यात शेजारून खुदकन आवाज आला. अनुष्का हसत होती. किती दिवसांनी!

"मग मागे मोठी फुली मारू या," बाई म्हणाल्या. "पांढऱ्या रंगाने. पेनी तुझी आहे, तू सांग."

अनुष्काने जरा विचार केला. "इट्स स्टिल माइन," ती म्हणाली. "फक्त अँझॅक डेला देईन." मग ब्रश मागून घेतला, पेनी टेबलावर ठेवली आणि फुली काढली. मोठी नाही. ब्रिटानियाच्या डोक्याशेजारच्या मोकळ्या आकाशात, कडेला, एक एवढीशी फुली. खालचा समुद्र तिने तसाच ठेवला. सरांनी पाहिलं, आणि त्यांना चष्मा पुसायची फार गरज वाटली.

अँझॅक डेच्या सकाळी ग्लेनिसबाईंच्या ड्राइव्हवेवर सगळा वर्ग जमला. डाव लावायला पेपरमिंटच्या गोळ्या आणि शोभाताईंची चिक्की. नरेंद्र आले आणि दोन्ही पेन्या उलटसुलट करून त्यांनी सालं तपासली. काय शोधत होते ते कुणी विचारलं नाही. बाई खुर्चीत बसून ओरडल्या, "कम इन, स्पिनर!" आणि अनुष्काने फळी उडवली.

पेन्या निळ्या आभाळात चमकल्या. खाली पडल्या: एक राजा, एक ब्रिटानिया. "पुन्हा!" पोरं ओरडली. शार्दूल एक नाणं उचलायला धावला, त्याच्या आईने आधी त्याचं तोंड दाबलं.

पुन्हा उडाल्या. या वेळी घराच्या ओट्यावरून, चष्म्याशिवाय, शोभाताईंचा आवाज आला, "ओहोटी दिसते गं इथून!"

दोन्ही ब्रिटानिया वर होत्या. म्हणजे अनुष्का हरली होती आणि तिच्या साऱ्या गोळ्या शार्दूलला गेल्या होत्या. "टेल्स, लव्ह, तू हरलीस," बाई हळहळल्या. पण ती ऐकायला तिथे नव्हतीच. "ओहोटी! आजोबा, बघ, ओहोटी आली!" असं ओरडत ती पेनी घेऊन सरळ सरांकडे पळत आली.

नाणं ड्राइव्हवेच्या कडेच्या ओल्या मातीत पडलं होतं. चिखल उडून ब्रिटानियाच्या अंगावर ठिपका बसला होता. सरांचा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला.

"आजोबा!" अनुष्का दरडावून म्हणाली. "हात मागे!"

दीनानाथ सरांनी निमूटपणे दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि पुढे वाकून, पोटभर ओहोटी पाहिली.